काकूंचा डबा आणि पाचवं कलम

"पोरं चांगली होती गं," काकू म्हणाल्या. "एकाला तर चांगलीच सर्दी झाली होती."

मी पेन खाली ठेवलं. त्या पोरांविरुद्ध तक्रार लिहायला म्हणूनच मी आले होते. आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला चार इमिग्रेशन ऑफिसर या घरात शिरले होते. त्यांनी कपाटं उघडून पाहिली होती आणि जाताना काकूंचा पासपोर्ट घेऊन गेले होते. माझ्यासमोरच्या फॉर्मवर 'अधिकाऱ्यांचं वर्तन' असा एक मोठा रकाना होता.

"काकू, त्यांनी ओळखपत्र दाखवलं का?"

"दाखवलं असेल. माझा चष्मा वर राहिला होता."

"आत यायच्या आधी विचारलं?"

"अगं, दार मीच उघडलं. मला वाटलं, दूधवाला. आणि एवढ्या थंडीत माणसांना बाहेर कुठे उभं करायचं? पोहे झालेच होते."

"तुम्ही त्यांना पोहे दिलेत?"

"दोघांनी खाल्ले. बाकीचे दोघे वर कपाटं बघत होते, त्यांचे झाकून ठेवले. सर्दीवाल्याला आल्याचा चहा दिला."

मी तो रकाना तेवढ्यापुरता रिकामा सोडला.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, लंडनजवळच्या स्लाऊची. मी तिथल्या एका लॉ सेंटरमध्ये काम करत होते. लॉ सेंटर म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांना फुकट सल्ला देणारं ऑफिस. आमचं ऑफिस एका कार्पेटच्या दुकानाच्या वर होतं आणि आमच्या सगळ्या फायलींना नव्या कार्पेटचा वास यायचा. नागपूरला मी पाच वर्षं कोर्टात उभी राहिले होते. इथे ती सनद चालत नव्हती, म्हणून माझ्या टेबलावरच्या पाटीवर नुसतं 'ॲडव्हायझर' लिहिलेलं होतं. ते मला रोज सकाळी टोचायचं.

कमल पाध्ये, म्हणजे काकू, मिरजेच्या. मुलगा साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलात डॉक्टर, शनिवार-रविवारी घरी यायचा. सून नीलिमा स्लाऊतच एका जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, ट्रेनिंग करत होती आणि तिला सातवा महिना चालू होता. तिच्या बाळंतपणासाठी काकू सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. या व्हिसाला एक अट असते. काम करायचं नाही. पगारी नाही आणि बिनपगारीही नाही.

पहिल्या भेटीत काकूंनी माझं आडनाव विचारलं. मी "मेश्राम" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे नागपूरकडचे," आणि क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "पोहे खाशील ना?" मी खाल्ले. त्या क्षणाबद्दल आम्ही दोघी नंतर कधीच बोललो नाही.

धाड पडायचं कारण होतं चकल्या. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी काकूंनी चकल्या करून द्यायचं कबूल केलं होतं. त्यामुळे आठवडाभर बायका पिठाच्या पिशव्या घेऊन येत होत्या आणि डबे घेऊन जात होत्या. तळणाचा वास अख्ख्या गल्लीत. कोणीतरी फोन करून कळवलं की या घरात बेकायदा कामगार ठेवून खाण्याचा कारखाना चालवतात. फोन कोणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. काकूंना मात्र पक्कं माहीत होतं. त्या दर आठवड्याला वेगळं नाव सांगायच्या.

दहा दिवसांनी पत्र आलं. नीलिमा ते घेऊन थेट माझ्या ऑफिसात आली, जिना चढून धापा टाकत. पत्रात लिहिलं होतं की श्रीमती पाध्ये यांनी पूर्णवेळ, विनावेतन नोकरी करत असल्याचं स्वतः कबूल केलं आहे. त्यामुळे व्हिसाची अट मोडली आहे आणि त्यांना देशाबाहेर काढण्याचा विचार चालू आहे. खाली एक ओळ होती, 'मालक'. तिच्यापुढे नाव: डॉ. नीलिमा पाध्ये.

"मी मालक?" नीलिमा म्हणाली. "त्या घरात?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला पाणी दिलं.

"आईंना खरंच परत पाठवतील? एकदा असा शिक्का बसला की पुन्हा व्हिसा मिळत नाही म्हणे. आणि माझ्या ट्रेनिंगचं काय? बेकायदा कामगार ठेवणारी डॉक्टर!"

मी तिला सांगितलं की काळजी करू नकोस. तेव्हा मला स्वतःला काळजी वाटत होती, पण ते सांगायचे पैसे मला मिळत नव्हते.

मी फाइल घेऊन ग्विनकडे गेले. ग्विन आमचा मुख्य सॉलिसिटर. वेल्समधला, पन्नाशीचा. त्याला 'सर' म्हटलं की तो मागे कोण उभं आहे ते वळून बघायचा.

"पासपोर्टची पावती?" त्याने विचारलं.

"दिली नाही."

"जबाब वाचून दाखवला?"

"नाही."

"सही घेतली?"

"नाही. इंटरप्रिटरही नव्हता. काकूंनीच सांगितलं की मला इंग्लिश येतं."

"येतं का?"

"येतं. तोच तर प्रॉब्लेम आहे."

वाचकांना इथे थोडं समजावून सांगायला हवं. पोलिसांनी जबाब कसा घ्यायचा यासाठी तेव्हा एक छापील संहिता होती. वाचून दाखवा, सही घ्या, वगैरे. इमिग्रेशन ऑफिसरनी ती पाळायची की नाही, आणि किती, यावर वकिलांचे वाद चालायचे. त्यांच्या स्वतःच्या सूचना होत्या, पण त्या आतल्या कपाटात, आम्हाला कधी बघायला मिळाल्या नाहीत. पासपोर्ट ठेवून घ्यायचा अधिकार त्यांना कायद्यानेच होता. पावती द्या, असं कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

पासपोर्टसाठी मी तीन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं की मामला विचाराधीन आहे. दुसऱ्याचं आलं, हा कागद आमच्या ऑफिसात असल्याची नोंद नाही. तिसऱ्याला उत्तरच आलं नाही. म्हणजे काकूंना देशाबाहेर काढायचं होतं, पण ज्या पासपोर्टवर काढायचं तो इमिग्रेशनवाल्यांनीच हरवला होता. ग्विनला हे फार आवडलं. मला नाही आवडलं, कारण काकू दर दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन करत होत्या.

शेवटी त्यांनी काकूंना पुन्हा मुलाखतीला बोलावलं. मी इंटरप्रिटर हवाच म्हणून लिहून पाठवलं. काकूंना ते अपमानाचं वाटलं.

"मला इंग्लिश येत नाही असं तू लिहून दिलंस?"

"तसं नाही काकू, हा तुमचा हक्क आहे."

"मॅट्रिकला मला इंग्लिशमध्ये एकसष्ट मार्क होते."

इमिग्रेशन ऑफिसच्या खोलीत आम्ही सहाजण होतो. एका बाजूला चीफ, मिस्टर हॉब्स. बारीक अंगाचा माणूस, समोर चहाचा मग. त्यांच्या शेजारी सर्दीवाला ऑफिसर, त्याचं नाव कार्टर. त्याची सर्दी अजून गेली नव्हती. काकूंनी आत शिरल्या शिरल्या त्याची चौकशी केली. दुसऱ्या बाजूला काकू, नीलिमा आणि मी. टेबलाच्या टोकाला इंटरप्रिटर, मुलुंडहून आलेले एक सभ्य गृहस्थ. त्यांना त्या दिवशी एकाही प्रश्नाचं भाषांतर करायला मिळालं नाही.

हॉब्सनी सुरुवात केली. "मिसेस पाध्ये, पहिल्या जबाबात तुम्ही काम करत असल्याचं मान्य केलंत. बरोबर?"

इंटरप्रिटरनी तोंड उघडलं. तोवर काकू "येस" म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

मी मध्ये पडले. म्हटलं, "त्या दिवशीच्या मूळ नोट्स वाचून दाखवाल का? पत्रात फक्त दोन ओळी आहेत."

"तसा नियम नाही," हॉब्स म्हणाले.

"नियम नाही हे मला माहीत आहे. विनंती करतेय."

हॉब्सनी घड्याळाकडे पाहिलं, मगकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाच, कार्टर."

कार्टरने वही उघडली. बंद नाकाने, एका सुरात, तो वाचू लागला. काकू इंग्रजीत जे बोलल्या होत्या ते त्याने अक्षरशः उतरवून घेतलं होतं. त्या बाबतीत तो प्रामाणिक होता. मराठीत सांगायचं तर ते असं होतं:

"मी इथे फुल टाइम काम करते. पगार नाही, सुट्टी नाही. चाळीस वर्षं मी असंच काम करतेय. आधी सासू बसलेली असायची, आता सून बसलेली असते. उभी फक्त मी."

नीलिमाने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

"चाळीस वर्षं?" हॉब्सनी विचारलं.

"येस, सर."

"या बाई देशात कधी आल्या?"

कार्टरने पान उलटलं. "सप्टेंबरमध्ये, सर."

"मग हे चाळीस वर्षांचं पत्रात का नाही आलं?"

"फॉर्मवर दोनच ओळींची जागा असते, सर."

हॉब्स काकूंकडे वळले. "मिसेस पाध्ये, घरात तुम्हाला काम कोण सांगतं?"

मुलुंडकरांनी घसा साफ केला. काकू हॉब्सना म्हणाल्या, "हू विल टेल मी? आय टेल!"

"मला कोण सांगणार, मीच सगळ्यांना सांगते," मुलुंडकर पुटपुटले. तेही मराठीत, स्वतःशीच.

हॉब्सनी पेनाला टोपण लावलं. "माझ्या आईची गेली कित्येक वर्षं हीच तक्रार आहे," ते म्हणाले. "तिला कोणी देशाबाहेर काढलेलं नाही. कार्टर, हे प्रकरण बंद कर. बाईंना त्यांचा पासपोर्ट देऊन टाक."

आणि तिथेच सगळं पुन्हा अडलं. कार्टर उठला, बाहेर गेला, पंधरा मिनिटांनी परत आला. पासपोर्ट नव्हता. पासपोर्टच्या कपाटात नव्हता, फाइलमध्ये नव्हता, रजिस्टरमध्ये नोंदही नव्हती. हॉब्स लाल झाले. मी माझ्या तीन पत्रांच्या नकला टेबलावर एकाखाली एक मांडल्या. मला आता जोर चढला होता. कोर्टात जाऊ, भरपाई मागू, असं काहीतरी मी बोलायला सुरुवात केली.

"आणि माझा डबा?" काकू म्हणाल्या.

मी वाक्य अर्धवट सोडून त्यांच्याकडे वळले.

"आइस्क्रीमचा डबा. झाकण निळं. या पोरांनी त्यातून चकल्या नमुना म्हणून नेल्या तेव्हा मी म्हटलं होतं, डबा परत हवा. झाकण घट्ट बसणारा तेवढा एकच आहे घरात."

मला शरम वाटली. मी इथे कायद्याचं बोलत होते आणि या बाई डब्याचं काढून बसल्या होत्या. पण कार्टरचा चेहरा एकदम बदलला. जप्त केलेल्या खाण्याच्या मालाचं रजिस्टर वेगळं असतं. तो ते घेऊन आला. त्यात त्याच्याच अक्षरात नोंद होती: 'खाद्यपदार्थ, गोल वेटोळ्यांचे, अंदाजे चाळीस.' पाच मिनिटांत एक सीलबंद प्लॅस्टिकची पिशवी आली. पिशवीत डबा होता. डब्याच्या खाली, पिशवीच्या तळाशी, काकूंचा पासपोर्ट होता. त्या दिवशी कार्टरने दोन्ही वस्तू एकाच पिशवीत टाकल्या होत्या आणि लिहून घेताना एकच लिहिली होती.

काकूंनी पासपोर्ट नीलिमाकडे दिला आणि डबा उघडला. आत अकरा चकल्या होत्या. बाकीच्यांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. पिशवी सीलबंद होती, तरीही.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण ग्विनने ही हकिगत एका खासदाराला सांगितली.

हे खासदार शेजारच्या मतदारसंघातले. उंच, उत्साही, नेहमी घाईत. पार्लमेंटमध्ये दर वर्षी मंत्री नसलेल्या साध्या सदस्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात. ज्यांची चिठ्ठी निघते त्यांना स्वतःचं बिल मांडता येतं. त्या वर्षी यांची निघाली होती, खालच्या क्रमांकावर का होईना. त्यांनी ठरवलं की इमिग्रेशन ऑफिसरनी लोकांशी कसं वागावं, यावर बिल आणायचं. मुख्य म्हणजे ते नुसतं सूचनांच्या कपाटात न राहता कायद्यात यावं.

"पहिला मसुदा तुमच्याकडे कोण करील?" त्यांनी ग्विनला विचारलं.

ग्विनने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही करील. ही नागपूरची वकील आहे."

आमच्या नागपूरच्या घरात देवाच्या फोटोच्या जागी घटना लिहिणाऱ्या माणसाचा फोटो होता. कायद्यात कोणता शब्द बसतो यावर माणसाचं आयुष्य ठरतं, हे मी शाळेत जायच्या आधी ऐकलं होतं. आणि आता मला, नुसत्या ॲडव्हायझरला, या देशाच्या पार्लमेंटसाठी चार कलमं लिहायची होती. मी दोन रविवार त्यावर बसले. नवऱ्याने दोन्ही रविवारी स्वयंपाक केला. तो डॉक्टर आहे, तेव्हा नुकसान झालं नाही.

कलम एक: दारातच नाव आणि ओळखपत्र. कलम दोन: कुठलाही कागद घेतला तर जागेवर पावती. कलम तीन: मागितला तर इंटरप्रिटर. कलम चार: जबाब वाचून दाखवणं आणि सही. सगळीकडे मी 'शॅल' वापरलं, 'मे' नाही. इंग्रजी कायद्यात 'मे' म्हणजे वाटलं तर करा आणि 'शॅल' म्हणजे करावंच लागेल. सगळा जीव त्या एका शब्दात असतो.

खासदारांना काकूंना भेटायचं होतं. भाषणात सांगायला खरं माणूस हवं, म्हणाले. मी त्यांना घेऊन गेले. दारात त्यांनी माझ्याकडे बघून बूट काढले. त्यांच्या एका मोज्याला भोक होतं. काकूंनी चहा दिला, डब्याची गोष्ट सांगितली. खासदार गुडघ्यावर थापा मारत हसले. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं?"

मी हा प्रश्न त्यांना कधी विचारलाच नव्हता. माझ्या फॉर्मवर तो नव्हता.

काकू माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "यांना सांग, ते बूट घालून आत आले. पाऊस होता, बुटांना चिखल होता. किचनच्या फडताळात माझे देव आहेत. तिथे कपाट समजून हात घातला. मी म्हटलं, शूज, शूज. त्यांना वाटलं, मी माझे शूज मागतेय. त्यांनी मला माझ्या चपला आणून दिल्या."

मी भाषांतर केलं. खासदार आता हसत नव्हते.

"हे आधी का नाही सांगितलंत, काकू?" मी विचारलं.

"पोरांना काय माहीत? आणि बुटांची तक्रार सरकारदरबारी कोण लिहून घेणार?"

"मी घेतो," खासदार म्हणाले. "कलम पाच!"

ग्विनने दुसऱ्या दिवशी माझं पाचवं कलम वाचलं, घरात शिरण्याआधी अधिकाऱ्याने बूट काढावेत असं, आणि त्यावर लाल रेघ मारली. "हे काढ."

"का? तेवढंच एक खरं आहे. बाकीचं सगळं आपण वकिलांनी सुचवलेलं."

"खरं आहे म्हणूनच सांगतो. यावर लोक हसतील. हसणं सुरू झालं की बिल मेलं."

मी रेघ खोडली. खरं सांगायचं तर त्यामागे फक्त काकू नव्हत्या. त्या कलमासाठी मी 'पादत्राण' या शब्दाची व्याख्या लिहिली होती. बूट, चप्पल, सँडल, गमबूट, आणि हवामानापासून संरक्षण देणारं, पायात घालायचं इतर कोणतंही आवरण. पाठलाग चालू असेल तर सूट, काचा पडल्या असतील तर सूट, अधिकाऱ्याच्या पायाला जखम असेल तर सूट. इतकी सुंदर व्याख्या मी आयुष्यात लिहिली नव्हती. मला ती सोडवेना. खासदारांनाही कलम हवंच होतं. ते पार्लमेंटच्या छापखान्यातून छापून आलं तेव्हा मी ते पान नवऱ्याला तीनदा वाचून दाखवलं.

अशी बिलं शुक्रवारी चर्चेला येतात. दुपारी अडीचला काम थांबतं. अडीच वाजता जे बिल चर्चेत असेल आणि ज्यावर मतदान झालेलं नसेल, ते तिथेच लटकतं आणि बहुतेक वेळा परत येत नाही. म्हणून एखादं बिल पाडायचं असेल तर विरोधात मत द्यायची गरज नसते. अडीचपर्यंत बोलत राहायचं, एवढंच.

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी आम्ही प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो होतो. काकू, ग्विन आणि मी. नीलिमा घरी होती. जानेवारीत तिला मुलगी झाली होती. काकूंनी नऊवारीवर मुलाचा ओव्हरकोट घातला होता.

आमच्या आधीच्या बिलावर सगळी सकाळ गेली. आमचं बिल आलं तेव्हा दोनला दहा मिनिटं होती. खासदार बारा मिनिटं चांगलं बोलले. पावतीचं सांगितलं, चाळीस वर्षांचं सांगितलं, डब्याचं सांगितलं. सभागृह प्रेमाने हसलं. मला वाटलं, ग्विनचं चुकलं.

मग समोरच्या बाकावरून एक गोल चेहऱ्याचे, वयस्क सदस्य उठले. सावकाश चष्मा लावला, बिलाची प्रत डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले की आपल्याला फक्त पाचव्या कलमाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत.

ते अर्धा तास बोलले. त्यांनी माझी व्याख्या संपूर्ण वाचली, प्रत्येक स्वल्पविरामावर थांबत. मोजे हे हवामानापासून संरक्षण देतात की नाही, असं विचारलं. मग अधिकाऱ्याने मोजेही काढायचे का? गमबूट काढायला दोन माणसं लागतात, तेव्हा कायद्याने दुसरा माणूस कोणी पुरवायचा? आपल्या पायाच्या अंगठ्याचं हाड वाढलं आहे, ते जखमेत धरायचं का? लोक बाकांवर आडवे होऊन हसत होते. मध्ये एकाने उठून त्यांना अंगठ्याच्या ऑपरेशनबद्दल माहिती दिली. ती त्यांनी सविस्तर ऐकून घेतली.

काकू रेलिंगवरून वाकून ऐकत होत्या. त्यांना ते भराभर इंग्रजी पूर्ण कळत नव्हतं, पण तालात मान हलत होती.

"हा माणूस छान बोलतो गं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "कुठल्या बाजूचा?"

"आपल्या विरुद्ध."

"तरी छान बोलतो." मग थोड्या वेळाने, "सगळे हसतायत कशाला?"

मी काय सांगणार? "बुटांना हसतायत, काकू. कलम पाच."

त्या मागे सरकून बसल्या. ओव्हरकोटची बटणं एकेक करून लावली.

"हसू दे," त्या म्हणाल्या. "यांच्या घरात देव वरच्या मजल्यावर असतील."

अडीच वाजले. बिल लटकलं. त्या सत्रात पुन्हा वर आलं नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये मी ग्विनला म्हटलं, "तू सांगितलं होतंस."

"हो," तो म्हणाला. त्याने पेपर उघडला. स्लाऊ येईपर्यंत तो त्यावर आणखी एक शब्दही बोलला नाही. त्याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे.

काकू मार्चमध्ये वेळेवर परत गेल्या, पासपोर्टवर एकही वाईट शिक्का न घेता. नंतर दोनदा आल्या. नीलिमाचं ट्रेनिंग पूर्ण झालं.

एप्रिलमध्ये मला एक फोन आला. हॉब्स होते. म्हणाले, तुमच्या त्या बिलाचं दुसरं आणि चौथं कलम मला पाठवाल का? माझ्या ऑफिसपुरती सूचना काढायची आहे.

"तुम्हाला तसं करता येतं?" मी विचारलं.

"माझ्या ऑफिसपुरतं केव्हाही करता येतं," हॉब्स म्हणाले. "मला कोणी विचारलं नव्हतं."

महिन्याभरात त्यांच्या ऑफिसात कार्बन पेपरची पावती-पुस्तकं आली. वरची प्रत माणसाला, खालची फाइलला. जबाब वाचून दाखवायला लागले. माझ्या क्लायंटच्या हातात मी पहिली पावती पाहिली तेव्हा ती मी फोटोकॉपी करून ग्विनच्या टेबलावर ठेवली. सव्वा वर्ष हे फार छान चाललं. आमच्या तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले की कायदा बदलायच्या आधी टेबलामागच्या माणसाला विचारून पाहावं.

मग हॉब्सची बदली झाली. नवे चीफ आले. पावती-पुस्तकं संपली, ती त्यांनी पुन्हा मागवली नाहीत. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की अशी कुठलीही पद्धत असल्याची या ऑफिसात नोंद नाही.

तेव्हा मला कळलं की टेबलामागचा माणूस भला असला, तर त्याची बदली होईपर्यंतच त्याचा उपयोग. 'शॅल' लिहावंच लागतं. पुढे बरीच वर्षं मी वेगवेगळ्या कमिट्यांना ते चार कलमांचं टिपण पाठवत राहिले. त्यातलं थोडं कुठे कुठे शिरलं, बरंचसं नाही. आणि तोवर दुसरा उपाय म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून, मग तो डॉक्टर असो की वेअरहाऊसमध्ये ट्रॉली ढकलणारा, मी इंग्रजीतलं एक वाक्य पाठ करून घ्यायची: 'तुम्ही काय लिहिलंत ते मला वाचून दाखवा.' फी नव्हतीच, तेव्हा तेवढं पाठांतर मी सक्तीचं केलं होतं.